डाव्या नळीतलं पाणी

पत्र : सिस्टर, नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. माझं वय ३३, लग्नाला आठ वर्षं झाली. मिस्टर ३७ वर्षांचे, एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगमध्ये कामाला आहेत. माझी पाळी वेळेवर येते. तीन आययूआय (वीर्य थेट गर्भपिशवीत सोडणं) झाले, तिन्ही वाया गेले. मागच्या महिन्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोफत शिबिर होतं, तिथं दोघं गेलो. माझा एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) १.४ आला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, अंडी संपत आलीत, आता थेट टेस्ट ट्यूबच करा. सोनोग्राफीत डाव्या गर्भनळीत पाणी दिसलं, पण टेस्ट ट्यूबला नळी लागतच नाही म्हणाल्या, म्हणून तो विषय सोडला. मिस्टरांचा रिपोर्ट चार वर्षांपूर्वी केला होता, थोडा कमी होता, पण ‘चालेल’ असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. येत्या रविवारपर्यंत पैसे भरले तर तीन वेळचं पॅकेज साडेतीन लाखांत देतो म्हणतात. सासूबाई पाटल्या मोडायला तयार आहेत, पण म्हणतात दोन महिन्यांवर गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) आलाय, तो होऊ दे. आणि त्यात दुसऱ्याचं काही मिसळत नाहीत ना, हेही त्या सारखं विचारतात. सुरू करण्याआधी मला काय काय माहीत असायला हवं? गर्भ सोडल्यावर चौदा दिवस झोपून राहावं लागतं का? आमच्या घरात ते जमणारं नाही.

उत्तर :

तू वयाने माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी पाटल्या, पॅकेज आणि रविवार एवढंच डोक्यात राहिलं. दुसऱ्या वेळी मधली एक ओळ टोचली: डाव्या नळीत पाणी, आणि ‘तो विषय सोडला’. मी स्त्रीरोग विभागात बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची आठ टेस्ट ट्यूबच्या केंद्रात. त्या अनुभवावरून सांगते, तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. आधी तिचंच बोलते.

टेस्ट ट्यूबला नळी लागत नाही, हे अर्धं खरं आहे. एरवी अंडं नळीत येतं, तिथंच शुक्राणू त्याला गाठतो, गर्भ तयार होतो आणि पाच-सहा दिवसांनी पिशवीत उतरतो. टेस्ट ट्यूबमध्ये अंडी बाहेर काढून गर्भ प्रयोगशाळेत तयार करतात आणि थेट पिशवीत सोडतात, म्हणजे नळीची वाट टाळली जाते. इथवर मॅडमचं बरोबर. पण टोकाला बंद झालेल्या, फुगलेल्या नळीतलं पाणी नळीतच थांबत नाही. ते दुसऱ्या बाजूने थोडं थोडं पिशवीत झिरपत राहतं. गर्भाला ते बाधतं, अस्तराला बाधतं. वाफ्यात नाजूक रोप लावायचं आणि रोज साबणाचं पाणी सोडायचं, तसला प्रकार. अशी नळी तशीच ठेवून टेस्ट ट्यूब केलं तर दिवस राहण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. हे नवं संशोधन नाही, या विषयातल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. शिबिरातल्या टेबलामागच्या मॅडम डॉक्टर होत्या की पॅकेज समजावून सांगणाऱ्या, ते तू लिहिलेलं नाहीस. मला अंदाज आहे.

मग करायचं काय? आधी ते पाणी खरंच नळीतलं आहे का, याची खात्री. त्यासाठी नीट सोनोग्राफी, गरज पडली तर नळ्यांचा एक्स-रे, ज्याला एचएसजी म्हणतात, किंवा दुर्बिणीची तपासणी. नळी फुगलेली आहे हे पक्कं झालं तर गर्भ सोडण्याआधी दुर्बिणीतून ती काढतात किंवा पिशवीजवळ तिचं तोंड बंद करतात. ‘नळी काढली तर मग आपोआप कधीच राहणार नाही का?’ हा प्रश्न तुझ्या मनात येईल. उजवी नळी चांगली असेल तर तिच्या बाजूने शक्यता राहते, आणि डावी अशीच असेल तर ती तशीही उपयोगाची नाही. काही डॉक्टर क्रम उलटा ठेवतात: आधी अंडी काढून गर्भ गोठवून ठेवायचे, मग नळीचं ऑपरेशन, मग गर्भ सोडायचा. कारण ऑपरेशनात अंडाशयाच्या रक्तपुरवठ्याला थोडा धक्का लागू शकतो आणि तुझ्याकडे अंड्यांचा साठा फार मोठा नाही. दोन्ही क्रम चालतात. तुझ्यासाठी कोणता, हे विचारून घे. नळीचा विषयच नको म्हणणाऱ्या ठिकाणी मात्र थांबू नको.

आणि नळी खराब झाली कशाने, हेही विचार. आपल्याकडे नळ्यांचा आणि पिशवीचा टीबी अजून बराच सापडतो. खोकला नाही, ताप नाही, वजनही घटत नाही; मूल राहत नाही एवढीच त्याची खूण. पिशवीच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासून तो शोधतात. निघालाच तर औषधाचा सहा महिन्यांचा कोर्स आधी, टेस्ट ट्यूब नंतर. हे वाचून घाबरू नकोस, बहुतेक वेळा निघतही नाही. पण न बघता पुढे गेलं तर पैसे जातात आणि वर्षही जातं.

आता मिस्टर. (सगळ्या पत्रांत मिस्टर तिसऱ्या परिच्छेदात येतात. तुझ्या पत्रात निदान अर्ध्यातच आले.) चार वर्षांपूर्वीचा, एकदाच केलेला, ‘थोडा कमी’ रिपोर्ट. तो रिपोर्ट आता जुना झाला. वीर्याचा आकडा महिन्या-महिन्याला खालीवर होतो, म्हणून एका रिपोर्टवर कुणी निकाल देऊ नये. काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा एका मिलीलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यातले निदान ४२ टक्के हलणारे, अशी आहे. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून आणायचा तर अंगाजवळ, उबेत ठेवून तासाभरात पोहोचवायचा. मी नवऱ्यांना फ्रीजमधली बाटली घेऊन आलेलं पाहिलंय, म्हणून मुद्दाम लिहिते.

डाईंगचं काम म्हटल्यावर मला तिथला बॉयलर आणि वाफ दिसली. अंडकोष शरीराबाहेर असतात ते थंड राहावेत म्हणूनच. दिवसाचे आठ-दहा तास उष्णतेजवळ काढणाऱ्या माणसाच्या शुक्राणूंवर तिचा परिणाम होऊ शकतो. वरून आपलं सोलापूरचं ऊन. आणि एक प्रश्न, तू लिहिलं नाहीस तरी विचारते: तंबाखू-सुपारीचा मावा खातात का? आपल्या गावात कारखान्यातल्या दहा जणांना विचारलं तर ‘नाही’ म्हणणारे किती निघतील, ते तूही जाणतेस. तंबाखू, बिडी, दारू, जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, यातलं काहीही असेल तर आता बंद. इंजेक्शनं तर ताकद वाढवतात आणि शुक्राणू बनणंच बंद पाडतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आज मावा सोडला तर त्याचा फायदा तीन महिन्यांनी दिसेल. मालकांना सांगून बॉयलरपासून लांबचं, घडी घालण्याचं किंवा पॅकिंगचं काम तीन महिने मिळतंय का बघा.

इथं तुझ्या सासूबाईंचं ‘गड्डा होऊ दे’ बरोबर निघालं. कारण त्यांचं वेगळं आहे, पण हिशेब जुळतो. नंदीध्वज निघेपर्यंत दोन महिने, पुढे एखादा. तेवढ्यात मिस्टरांचं मावा सोडणं, तुझ्या नळीचा तपास आणि बाकीच्या तपासण्या होऊन जातात.

त्या बाकीच्या तपासण्या थोडक्यात: तुझी शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, दोघांचे एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, दोघांची थॅलेसेमियाची तपासणी, कारण दोघंही वाहक असाल तर बाळाला धोका असतो. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस आधी, आणि लसीनंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून. ती कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. किती मिलिग्रॅमची, ते तुझ्या डॉक्टरला विचार. शुगर असेल तर मात्रा वेगळी असते.

एएमएचबद्दल. १.४ म्हणजे अंडी संपत आली, हे बोलणं घाई करायला लावण्यासाठी असतं. एएमएचवरून अंडाशयात अंड्यांचा साठा साधारण किती आणि इंजेक्शनांना किती अंडी येतील, याचा अंदाज येतो. अंडी चांगली की वाईट, ते त्यावरून कळत नाही. ते जास्त करून वयावर असतं, आणि तुझं वय अजून तुझ्या बाजूने आहे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी योनीमार्गे सोनोग्राफी करून अंडाशयातले छोटे फुगे, ज्यांत अंडी वाढतात, ते मोजतात. तो आकडा आणि एएमएच दोन्ही एकत्र बघायचे असतात. तुझा आकडा जरा कमीकडे झुकतोय, म्हणून दोन-तीन वर्षं लांबवू नको. पण दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. रविवारने तर नाहीच.

आता तो रविवार आणि ते पॅकेज. शिबिरं सगळीच वाईट नसतात, पण ‘रविवारपर्यंत’ ही अट औषधाची नसते, साडीच्या सेलची असते. साडेतीन लाखांत तीन वेळा म्हटल्यावर पहिला प्रश्न असा की ‘एक वेळ’ कशाला म्हणतात? अंडी काढली आणि त्यातून चार गर्भ झाले, दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा सोडले, तर ती एक वेळ की दोन? अंडी काढली आणि एकही गर्भ झाला नाही, तर ती वेळ मोजली जाते का? पहिल्याच वेळी दिवस राहिले तर उरलेले पैसे परत मिळतात का? माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. दुसरा प्रश्न, पॅकेजमध्ये काय नाही? इंजेक्शनं बहुधा नसतातच, आणि एका वेळची इंजेक्शनं कित्येकदा पन्नास हजारांच्या वर जातात. भुलीचे पैसे, इक्सी म्हणजे एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सुईने सोडण्याचे पैसे, गर्भ गोठवण्याचे, दर वर्षी ते सांभाळण्याचे, गोठवलेला गर्भ सोडण्याचे. हे सगळं कागदावर लिहून मागायचं. लिहून देत नसतील तर तेच त्यांचं उत्तर समज. महाराष्ट्रात एका वेळेचा सगळा खर्च धरून दीड ते अडीच लाख हा नेहमीचा आकडा आहे. त्याच्या खूप खाली कुणी बोललं तर उरलेलं पुढे निघतं.

आरोग्य विम्यात वंध्यत्वाचे उपचार बहुतेक वेळा वगळलेले असतात, तरी पॉलिसी असेल तर कागद उघडून बघ. मिस्टरांचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर नळीच्या ऑपरेशनाबद्दल तिथं विचारा, सिव्हिलमध्येही विचारा. दुर्बिणीचं ऑपरेशन हे ऑपरेशन म्हणून होतं, ते पॅकेजमध्ये घुसडायची गरज नाही.

पाटल्यांबद्दल एकच सांगते. सगळ्या एकदम मोडू नका. पहिल्या फेरीपुरतं वेगळं काढा आणि दोघांनी आजच, इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी, ठरवा: किती फेऱ्या, किती पैसे, त्यानंतर थांबायचं. अपयशाचा फोन आलेल्या संध्याकाळी हा निर्णय घेता येत नाही. तेव्हा माणूस ‘अजून एकदा’ म्हणतो, मग अजून एकदा म्हणतो, आणि मी घरं गहाण पडलेली पाहिली आहेत.

उपचार कसा चालतो, ते आता सांगते, म्हणजे कुणी घाईत बोललं तरी तुला कळेल. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन. सुई बारीक असते, दोन दिवसांनी तू स्वतः घेशील. त्या काळात चार-पाच वेळा सोनोग्राफी. फुगे पुरेसे मोठे झाले की ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन. ते ठरलेल्या मिनिटाला घ्यायचं असतं, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात. रात्री साडेदहा सांगितले तर साडेदहाच. ‘मालिका संपल्यावर’ नाही. अंडी काढणं थोड्या भुलीखाली, पंधरा-वीस मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. तीन ते पाच दिवसांनी गर्भ सोडतात, किंवा गोठवून पुढच्या पाळीनंतर सोडतात. सोडताना भूल लागत नाही. साधारण दोन आठवड्यांनी रक्ताची बीटा तपासणी, दिवस राहिले की नाही ते सांगणारी. आधीच घरी पट्टीवर बघू नकोस. ट्रिगरमधलं हार्मोन अंगात उरलेलं असतं, पट्टी दोन रेषा दाखवते आणि मग पेढे वाटून बसतात लोक.

यातली काही इंजेक्शनं फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. फ्रीजमध्ये म्हणजे खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. बार्शीकडची एक बाई होती, तिच्याकडे फ्रीज नव्हता. तिने कुल्फीवाल्याच्या पेटीत इंजेक्शन ठेवून आणलं. कुपीत बर्फाची कांडी झाली होती. अठराशे रुपयांचं औषध मी डस्टबिनमध्ये टाकलं आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. लाइट जाते, तेव्हा थर्मासमध्ये बर्फ, त्यात प्लास्टिकच्या डबीत इंजेक्शन, बर्फाला थेट टेकता कामा नये. नाहीतर रोजचं इंजेक्शन केंद्रातच ठेवायला सांग, पुष्कळ ठिकाणी ठेवतात.

आता आकड्यांचं. शेंगा चटणीला घेतो तेव्हा फोडल्यावर दाणे निम्मे, पाखडल्यावर आणखी कमी, खवट निवडून काढले की त्याहून कमी. तसंच इथं. समज तुला आठ अंडी मिळाली. त्यातली सहा-सात पिकलेली निघतील. चार-पाच फळतील. पाचव्या दिवसापर्यंत तग धरणारे गर्भ दोन असतील. कधी तीन, कधी एकही नाही. आमच्या लॅबमधून रोज सकाळी फोन जायचा आणि बायका विचारायच्या, ‘किती राहिले, सिस्टर?’ जिला आधी हे सांगितलेलं असायचं ती आकडा ऐकून गप्प व्हायची, पण कोसळायची नाही. जिला ‘बारा अंडी आली, झालं काम’ असं कुणी सांगितलेलं असायचं, तिला पाचव्या दिवशीचा फोन मी स्वतः करायचे, मुलींना करू द्यायचे नाही.

यशाचे टक्के विचारशील तेव्हा विचार, ‘कशाचे टक्के?’ बीटा पॉझिटिव्ह येणाऱ्यांचे की बाळ घरी नेणाऱ्यांचे? आणि माझ्या वयाच्या बायकांचे किती? ब्रिटनमध्ये सगळ्या केंद्रांना आपले आकडे सरकारी यंत्रणेकडे द्यावे लागतात. तिथं पस्तिशीच्या आतल्या बायकांत एक गर्भ सोडल्यावर बाळ जन्माला येण्याचं प्रमाण साधारण तीनात एक आहे, आणि चाळिशीनंतर ते झपाट्याने घसरतं. ‘आमच्याकडे ऐंशी टक्के’ म्हणणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

केंद्र निवडताना भिंतीवरचं प्रमाणपत्र बघ. २०२१ च्या कायद्याने टेस्ट ट्यूबच्या प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. पहिल्या पातळीच्या केंद्राला आययूआयपर्यंतचीच परवानगी असते, टेस्ट ट्यूबला दुसऱ्या पातळीची लागते. ज्या हॉटेलच्या हॉलमध्ये शिबिर झालं तिथं काही होणार नाही, पण प्रत्यक्ष अंडी कुठे काढणार, गर्भ कुठे वाढवणार, त्या जागेचं प्रमाणपत्र बघायचं. मग विचार की एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये गर्भ सांभाळणारा माणूस, रोज इथं असतो की बाहेरून येतो? लहान गावांत बाहेरून आलेला माणूस चार-सहा बायकांचं एकाच आठवड्यात बॅचमध्ये करून जातो. त्यात लगेच वावगं आहे असं नाही. पण मग तुझी अंडी तुझ्या वेळेला काढणार की बॅचच्या, हे माहीत हवं. बायका डॉक्टर निवडतात, लॅब निवडत नाहीत. बाळ लॅबमध्ये होतं.

पुणे की सोलापूर, हाही प्रश्न येईलच. हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन परत यायचं म्हणजे दर वेळी एक दिवस आणि मिस्टरांची एक हजेरी. इथंच चांगली, नोंदणी असलेली सोय असेल तर उगाच पुण्याला जायचं कारण नाही. पुण्यालाच जायचं ठरलं तर सोनोग्राफी सोलापुरात करून रिपोर्ट पाठवता येतील का, ते विचार. मग अंडी काढायला आणि गर्भ सोडायला तेवढं जावं लागेल.

सही करायचा कागद मराठीत माग, घरी नेऊन वाच. गर्भ पिशवीत सोडेपर्यंत तुम्ही दोघं संमती मागे घेऊ शकता, असं कायद्यातच आहे. गोठवलेले गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. मुलगा की मुलगी हे निवडणं किंवा सांगणं गुन्हा आहे. कुणी डोळा मारून सुचवलं तर उठून ये. आणि उपचार संपल्यावर काय काय केलं त्याचा कागद मिळणं हा तुझा हक्क आहे, तो घेतल्याशिवाय येऊ नकोस. पुढच्या डॉक्टरला तोच लागतो.

सासूबाईंना सांग, दुसऱ्याचं काही मिसळत नाही. अंडी तुझी, वीर्य त्यांच्या मुलाचं, प्रत्येक डबीवर दोघांची नावं असतात. आणि प्रत्येक टप्प्यावर दुसरा माणूस नाव तपासतो का, ते तू स्वतः विचारून घे. दुसऱ्या बाईची अंडी घ्यायची वेळ कधी आली तर त्याचा कागद वेगळा असतो, तुमच्या दोघांच्या सहीशिवाय ते होऊ शकत नाही. आपल्याकडे हे आता इतकं जुनं झालंय, की १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली जन्मलेली टेस्ट ट्यूबची मुलगी स्वतः आई झाली आहे. ही गोष्ट सासूबायांना पटकन पटते. ‘तिची मुलं होतात ना मग नीट?’ एवढंच त्यांना ऐकायचं असतं.

आता झोपून राहण्याबद्दल. नाही, चौदा दिवस झोपायचं नाही. गर्भ म्हणजे पिशवीत ठेवलेली गोटी नव्हे, उठलं की घरंगळायला. झोपून राहिल्याने यश वाढत नाही, हे तपासून झालंय. घरी ये, भाकरी थाप, गिरणीत दळण टाकून ये. जड कळशी, हंडा तेवढा टाळ. पपई आणि अननसाचं सासूबाई म्हणतील तसं कर, त्यावर भांडू नकोस. पिशवीला आधार देणारं प्रोजेस्टेरॉनचं औषध मात्र एक दिवसही चुकवायचं नाही.

दोन गोष्टींचा धोका सांगायचा राहिला. अंडी काढल्यानंतरच्या आठवड्यात पोट तट्ट फुगलं, दिवसात किलो-किलोने वजन वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर रात्र असो की रविवार, फोन कर. अंडाशय प्रमाणाबाहेर चेतवले की असं होतं. जास्त अंडी येणाऱ्या बायकांत ते जास्त होतं, म्हणून तुझ्या बाबतीत शक्यता कमी, पण नंबर भिंतीवर लिहून ठेव. आणि ‘दोन-तीन गर्भ सोडूया, एका खर्चात दोन बाळं’ असं कुणी म्हणालं तर हुरळून जाऊ नको. जुळी म्हणजे आईला बीपी, शुगर, आणि बाळं आठव्या महिन्यात काचेच्या पेटीत. त्या पेटीचं बिल टेस्ट ट्यूबच्या पॅकेजात नसतं. एक चांगला गर्भ सोड, उरलेले गोठव.

कुणाला सांगायचं हे तू विचारलं नाहीस, पण शेजारच्या चाळीपर्यंत बातमी जाणार हे मला माहीत आहे. इंजेक्शनाच्या वेळा संभाळायला घरातल्या एका माणसाला माहीत असलेलं बरं, ते सासूबाईच असू दे, त्या तुझ्या बाजूच्या दिसतात. पण रिपोर्ट त्यांना मिस्टरांनी सांगायचा, त्यांचा आणि तुझा दोन्ही. मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाची बाजू असते, आणि ती बायकोच्या तोंडून ऐकताना आईला वेगळं ऐकू येतं. बीटाची तारीख मात्र कुणालाच सांगू नका. त्या दिवशी फोन करणारे तीस जण असतील आणि ‘नाही’ हा शब्द तीस वेळा उच्चारायचा म्हणजे काय, ते मी काउंटरच्या या बाजूने ऐकलंय.

दत्तक घेण्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मी उपदेश करणार नाही. फक्त एवढं, की त्याची नोंदणी सरकारी केंद्रीय पोर्टलवर होते, बराच काळ लागतो, आणि टेस्ट ट्यूब चालू असतानाही चौकशी करायला कुणी अडवत नाही.

तेव्हा या रविवारी त्या पॅकेजवाल्यांकडे जायचंच असलं तर जा, चहा-बिस्किटं घे, पण पैसे आणि पाटल्या घरी ठेवून जा. सोमवारी मिस्टरांना लॅबमध्ये पाठव. पाळी आली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून घे. आणि पुढच्या वेळी ज्या डॉक्टरसमोर बसशील त्यांच्यापुढे फाइल ठेवताना तीन आययूआयचे कागद खाली ठेव. डाव्या नळीचा कागद सगळ्यात वर लाव.